दारात कोणी झोपत नाही

राष्ट्रीय एकात्मतेसाठी कन्याकुमारीहून दिल्लीला निघालेले अकरा सायकलस्वार माघातल्या एका गुरुवारी सकाळी बऱ्हाणपुरातून गेले. दहा जण शनवारा दरवाजावरून, न उतरता, असीरगडच्या रस्त्याला लागले. अकरावा नगरपालिकेच्या मराठी शाळेसमोर उतरला, कारण त्याचे पोट बिघडले होते. या पथकाचा रात्रीचा मुक्काम गावात ठरलेला होता. तो आदल्या दिवशी, बुधवारी व्हायचा होता. झाला नाही.

मुक्काम ठरवला होता त्या शाळेतल्या भूगोलाच्या गुरुजींनी. त्यांना एवढेच हवे होते. बक्षीस, बदली, बढती यांपैकी काहीही त्यांनी कधी मागितल्याचे कोणाला आठवत नाही. बाहेरून आलेल्या, नाव घेण्याजोग्या एखाद्या मंडळीने बऱ्हाणपुरात एक रात्र झोपावे, इतकीच त्यांची मागणी होती. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. त्यानंतर शाळेचा हॉल त्यांना मागता आला नसता.

गुरुजी अंगाने किरकोळ होते. बारा महिने काळी टोपी, बटणे लावलेला कोट, आणि हातात रेल्वेचे टाइमटेबल, घट्ट गुंडाळलेले. वर्गात ते छडीचे काम करी आणि वर्गाबाहेर पुस्तकाचे. जुने टाइमटेबल रद्द झाले तरी गुरुजी ते टाकून देत नसत. त्यांचे म्हणणे असे की गाड्यांच्या वेळा बदलतात, गाड्यांचा स्वभाव बदलत नाही.

शाळा सुटली की ते मोटारस्टँडवर जात. बाहेरगावच्या मोटारीतून अनोळखी माणूस उतरला की त्याच्यापुढे उभे राहून विचारत, "मुक्काम, की गाडी बदलायची?" उत्तर बहुतेक वेळा एकच असे. गुरुजी "बरं" म्हणून पुढच्या माणसाकडे वळत. एकदा सुरतेचा एक कापडाचा एजंट "मुक्काम" म्हणाला. गुरुजींनी त्याला घरी नेले, आंघोळीला पाणी दिले, जेवू घातले. दुपारीच त्याचा सौदा जमला आणि तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. "दिवसाचा होता," गुरुजी नंतर म्हणाले. एजंटाविषयी त्यांची दुसरी काही तक्रार नव्हती.

मुक्कामाची त्यांची व्याख्या कडक होती. सूर्य मावळताना आणि दुसऱ्या दिवशी उगवताना जो माणूस गावात आहे, तो मुक्कामी. बाकीचे उतारू. दुपारची झोप मुक्कामात धरत नाहीत. रात्रभर स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहणारासुद्धा धरत नाहीत, कारण त्याचे डोके त्याच्या पेटीवर असते आणि मन पुढच्या स्टेशनात.

बऱ्हाणपूरला दख्खनचे दार म्हणतात. गावाला त्याचा अभिमान आहे. सत्कारात, शाळेच्या संमेलनात, नगरपालिकेच्या मानपत्रात हे वाक्य असतेच. गुरुजी ते ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "दार खरं. पण दारात कोणी झोपत नाही." फौजा इथून दक्षिणेत गेल्या, सुभेदार इथून दिल्लीला गेले, रुई इथून मुंबईला गेली, केळी सगळीकडे गेली. एक राणी इथे बाळंतपणात वारली. तिला नदीपलीकडच्या बागेत पुरले, काही महिन्यांनी उकरले आणि आग्र्याला नेले. तिथे तिच्यासाठी जे बांधले ते बघायला जग जाते. आग्र्याची सहल काढण्याचा ठराव शाळेत आला की गुरुजी विरोधी मत देत. "आपल्याकडे मेलेली बाईसुद्धा राहिली नाही," असे ते शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले होते. इतिहासाच्या शिक्षकांनी त्यावर हरकत घेतली, पण वस्तुस्थितीवर नव्हे, फक्त भाषेवर.

त्यांच्या वर्गातल्या मुलांना राजधान्या येत नसत. बैलगाडी दिवसात किती जाते, उंट किती जातो, तोफा ओढणारी फौज किती जाते, आणि त्या हिशेबाने रात्र कुठे पडते, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ होते. एकदा खंडव्याहून इन्स्पेक्टर आले. त्यांनी वर्गाला विचारले की बऱ्हाणपूर कशासाठी प्रसिद्ध आहे. कापड, केळी किंवा किल्ला, यांपैकी एक उत्तर त्यांना अपेक्षित होते. वर्गाने एका आवाजात सांगितले, "इथून लोक जातात." इन्स्पेक्टरांनी शेऱ्यात लिहिले की विषयाचे आकलन स्थानिक स्वरूपाचे आहे. गुरुजींनी त्यांना रात्री राहण्याचा आग्रह केला. ते संध्याकाळच्या गाडीने गेले.

स्वतः गुरुजी गावाबाहेर झोपत नसत. जे आपण दुसऱ्याकडून मागतो ते आधी आपण पाळावे, असे त्यांचे कारण होते. शिक्षकांच्या वर्गासाठी खंडव्याला महिनाभर रोज जाऊन येऊन केले. मुलीचे लग्न जळगावला झाले. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, आणि मुलीचा बाप स्टेशनवर होता. व्याह्यांनी ते बरीच वर्षे मनात ठेवले. गुरुजींच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणे, त्या लग्नाची गोष्ट सांगताना एवढेच म्हणत, "मुलीची पाठवणी मी केली. यांची पाठवणी स्टेशनमास्तरनं केली."

त्या वर्षांत देश एक आहे हे देशाला सांगत बरेच लोक देशभर फिरत होते. कोणी जीपमध्ये सगळ्या नद्यांचे पाणी एका घड्यात घेऊन जाई, कोणी मशाल घेऊन पायी, दोघे भाऊ एकाच सायकलवर. राज्यांच्या हद्दी नव्याने आखून झाल्या होत्या, आणि त्या आखून झाल्यावर त्या नाहीत असे समजावण्याची जबाबदारी अशा मंडळींवर आली होती. वर्तमानपत्रात मोहिमेची बातमी आली की गुरुजी तिच्या पुढाऱ्याला कार्ड टाकत आणि बऱ्हाणपुरास एक रात्र राहण्याचे निमंत्रण देत. उलटे चालत मद्रासहून दिल्लीला निघालेल्या एका गृहस्थांना त्यांनी लिहिले होते की आपण गाव सोडल्यावरही ते बराच वेळ आपल्या डोळ्यांसमोर राहणार आहे, तरी आधीच थांबावे हे बरे. सगळ्यांची उत्तरे येत. सगळे आभारी असत. सगळे भुसावळला किंवा खंडव्याला झोपत.

सायकलस्वारांना मात्र गुरुजींनी कार्ड नव्हे, पाकीट पाठवले. त्यात भुसावळपासून खंडव्यापर्यंतचा रस्ता होता, चढ कुठे लागतो ते होते, माघात वारा कोणत्या बाजूने येतो ते होते. हे अंतर लादलेल्या सायकलीने एका दिवसात होणार नाही आणि अंधार असीरगडच्या जंगलात गाठेल, असा निष्कर्ष होता. शेवटी एक वाक्य होते: "सदर जंगलात अंधार पडल्यावर वाघ दिसल्याची नोंद आहे." नोंद खरी होती. ती गुरुजींच्या आजोबांच्या काळातली होती, हे पत्रात नव्हते. "त्यांनी साल विचारलं नाही," असे गुरुजी नंतर म्हणाले. उलट टपाली उत्तर आले की बऱ्हाणपूर मुक्काम मंजूर.

गुरुजींची योजना एका कागदाच्या अर्ध्या बाजूत मावत होती. शाळेचा हॉल झाडायचा. अकरा खाटा आणायच्या, प्रत्येक वस्तीतून एक. इतवाऱ्यातून, लोहारमंडीतून, सिंधीपुऱ्यातून, राजपुऱ्यातून, बोहऱ्यांकडून, गुजराती वाड्यातून, अशा. अकरावी त्यांच्या स्वतःच्या घरची. खाटा आल्या तेव्हा त्यांची उंची सारखी नव्हती. गुरुजींनी पायांखाली विटा घालून त्या एका पातळीत आणल्या. नगरपालिकेचे अध्यक्ष ते पाहून म्हणाले की याला म्हणतात एकात्मता. गुरुजी म्हणाले, "खालीवर असल्या की माणूस शेजारच्याकडे बघत बसतो. झोपत नाही."

जेवायला खिचडी आणि कढी. हार नाहीत. भाषणे नाहीत. हॉलच्या दारावर एक फळा टांगलेला, त्यावर मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार ओळी, चारींचा अर्थ एक: पाहुणे झोपले आहेत, आवाज करू नये. उर्दू ओळ उर्दू शाळेच्या हेडमास्तरांनी लिहून दिली. दमून आलेल्या सायकलवाल्याला दोनच गोष्टी लागतात, आडवे व्हायला जागा आणि गप्प बसणारी माणसे, असे गुरुजींचे मत होते.

या योजनेवर विचार करण्यासाठी स्वागत समिती नेमण्यात आली.

समितीचे अध्यक्ष नगरपालिकेचेच अध्यक्ष, जिनिंग फॅक्टरीवाले शेठजी. मराठी मंडळींच्या वतीने एक वकीलसाहेब, उर्दू शाळेचे हेडमास्तर, कापड व्यापाऱ्यांचा एक प्रतिनिधी आणि गुरुजी. पहिल्या तीन बैठका स्वागताच्या भाषेवर झाल्या. शेठजींचे म्हणणे, राज्य हिंदी आहे तर स्वागत हिंदीत. वकीलसाहेबांचे म्हणणे, राज्य परवा झाले, गाव पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलते. हेडमास्तरांनी सांगितले की हे दोन्ही लोक यायच्या आधीपासून बाजार उर्दूत चालतो. कापड व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणाला की बाजार बोलतो काहीही, हिशेब गुजरातीत लिहितो. गुरुजींनी फळ्याकडे बोट दाखवले. फळा सर्वानुमते नापसंत झाला, कारण त्यावर स्वागत नव्हते.

चौथ्या बैठकीत वकीलसाहेबांनी सीमांतपूजनाची सूचना मांडली. आपल्याकडे वऱ्हाड येते तेव्हा वधूपक्ष वेशीपर्यंत सामोरा जातो, पाय धुतो, ओवाळतो. पाहुण्यांचा तसाच मान व्हावा. हे सगळ्यांना पटले, आणि गोंधळ तिथून सुरू झाला. शेठजींनी जकातनाक्यावर उभे राहायचे ठरवले. कापड व्यापाऱ्यांना ते कळले तेव्हा त्यांनी नाक्याच्या पुढे, तापीकाठी मांडव घालायचे ठरवले, म्हणजे पहिला हार त्यांचा पडला असता. उर्दू शाळेची मंडळी तापीच्या पुढे शहापूरला निघाली. वकीलसाहेबांनी त्याही पुढचे इच्छापूर गाठायचे नक्की केले. त्यापुढे महाराष्ट्राची हद्द होती. वकीलसाहेबांना खरे तर बऱ्हाणपूर महाराष्ट्रात हवे होते, पण ते होईपर्यंत हद्दीपुढे जाणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचा बेत प्रत्येकाला कळला होता. त्यामुळे सगळेच इच्छापूरला जाणार असे ठरले.

त्या शेवटच्या बैठकीत गुरुजी उभे राहिले. समितीत ते पहिल्यांदाच बोलत होते. ते म्हणाले, "वऱ्हाडाला सीमेवर ओवाळतात, शेठजी. जेवायला मांडवातच आणतात. पाहुण्याला सामोरं जा, पण इतकं जाऊ नका की तो तिथंच राहील."

"मग मांडव तिकडेच नेऊ ना, गुरुजी," शेठजी म्हणाले. "तुम्ही खाटा सांभाळा."

बैठक हसली. ठराव झाला. मांडव तिकडेच नेला.

बुधवारी इच्छापूरला काय झाले याबद्दल दुमत नाही, कारण गाव निम्मे तिथे होते. पथक दुपारच्या आधी आले. भुसावळहून फक्त चहा घेऊन निघालेले. पथकाचा नायक म्हैसूरकडचा एक निवृत्त ड्रिलमास्तर होता. त्याने शिट्टी वाजवली, अकरा जण एकदम उतरले आणि एकदम हारांखाली गेले. बँड एकच होता आणि त्याला तिघांनी सुपारी दिली होती, त्यामुळे तो थांबला नाही. भाषणे चार भाषांत झाली. एकात्मतेला बाधा येऊ नये म्हणून प्रत्येक भाषणाचा उरलेल्या तीन भाषांत तर्जुमा झाला. राष्ट्र एक आहे हे दुपार कलेपर्यंत अनेकदा सिद्ध झाले. पाहुण्यांपैकी कोणालाच या चारपैकी एकही भाषा नीट येत नव्हती. ते प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत.

जेवणाच्या पंगती तीन झाल्या, कारण तीन ठिकाणांहून जेवण आले होते. एका पंगतीला बसून दुसरीला नाही म्हणणे राष्ट्रीय दृष्टीने बरोबर दिसले नसते. नायक तिन्हींना बसला, म्हणून सगळे बसले. शेठजींची माव्याची जिलबी, हेडमास्तरांच्या मंडळींचे पडद्याएवढे मांडे आणि त्याबरोबरचे रस्सेदार कालवण, वकीलसाहेबांकडचे पुरण. प्रत्येक सायकलच्या दांडीला केळ्यांचा एक एक घड बांधण्यात आला. तिसरी पंगत उठली तेव्हा सूर्य टेकडीवर आला होता. नायकाने तो पाहिला आणि शिट्टी वाजवली. दिवे लागल्यावर पथक सायकल चालवत नाही, असा नियम होता. जंगलातल्या वाघाविषयीही त्याने विचारले. कोणीतरी एका पत्राचा उल्लेख केला.

पथक इच्छापूरच्या धर्मशाळेत झोपले. समितीचे ट्रकही अंधारात हलले नाहीत. शेठजी, वकीलसाहेब आणि हेडमास्तर एकाच सतरंजीवर आडवे झाले. समिती स्थापन झाल्यापासून या तिघांनी एकत्र केलेले हे पहिले काम.

शाळेत गुरुजींना हे केळी घेऊन येणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरने दिवेलागणीला सांगितले. गुरुजींनी विचारले, "एकही पुढं आला नाही?" ड्रायव्हर म्हणाला, नाही. काकूंनी खिचडीचे पातेले उतरवून ठेवले होते. गुरुजींनी ते हमालाच्या डोक्यावर देऊन मोटारस्टँडवर पाठवले. ती खिचडी तिथे गाडी बदलणाऱ्यांनी खाल्ली.

गुरुवारी पथकाला संध्याकाळी खंडव्यात पोचायचे होते. तिथे एक मंत्री येणार होते. म्हणून ते थांबले नाहीत. शेठजींनी ट्रकमधून ओरडून निदान शनवारा दरवाजाशी उतरायची विनंती केली. दहा जणांनी हात हलवला.

अकरावा मलबारकडचा होता. विशीतला, सावळा, कपाळावर पट्टी. शाळेच्या फाटकाशी सायकल टाकून तो आत आला, आणि त्याने गुरुजींना खुणेने जे विचारले त्याला भाषा लागत नव्हती. गुरुजींनी मागच्या अंगणाकडे हात केला. परत आला तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता. गुरुजींनी त्याला हॉलमध्ये नेले आणि जवळच्या खाटेवर निजवले. ती त्यांच्याच घरची होती. काकूंनी भाताची पेज करून आणली, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. पोराने वाटीत पाहिले आणि म्हणाला, "कंजी." ती संपवून त्याने वाटी पुन्हा पुढे केली. मग तो झोपला.

गुरुजींनी दार ओढून घेतले आणि फळ्याखाली खुर्ची टाकून बसले.

दुपारी समिती आली. फळा आता तिलाही उपयोगी वाटला असावा, कारण सगळे हळू बोलत होते. शेठजींनी प्रथम एक हार आणि एक फोटो एवढेच मागितले. गुरुजींनी नकार दिला. मग शेठजींनी मुख्य मुद्दा काढला. पोरगा उद्या सकाळपर्यंत राहिला तर बऱ्हाणपुरात मुक्काम झाला असे म्हणता येईल. अकरातला एक का असेना, पथक ते पथक. वकीलसाहेबांनी ताबडतोब अनुमोदन दिले. हेडमास्तरांनी मान हलवली. कापड व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणाला की त्याच्या मेहुण्याचा दवाखाना आहे, दोन दिवसांच्या विश्रांतीची चिठ्ठी लगेच मिळेल. समितीत मतभेद उरला नव्हता.

"गुरुजी, तुमचंच काम होऊ राह्यलं," शेठजी म्हणाले. "आम्ही मदत करू राह्यलो."

"झोपू द्या त्याला," गुरुजी म्हणाले. राहू द्या असे ते म्हणाले नाहीत, आणि जाऊ द्या असेही नाही.

ऊन कलल्यावर पोरगा उठला. तोंड धुतले आणि हॉलमधल्या रिकाम्या खाटा पाहिल्या. बाकीचे कुठे, असे त्याने विचारले. खंडव्याकडे गेले हे समजताच तो बूट शोधू लागला. गुरुजींनी थांबायला सांगितले, तेव्हा तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "मास्टरजी, आज रात खंडवा. एक रात बाहर, तो टीम से बाहर. नायक का रूल."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "राहणार असेल तर मी पुन्हा पेज टाकते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

गुरुजींनी हातातले टाइमटेबल उलगडले. खंडव्याच्या गाडीची वेळ त्यांना पाठ होती, तरी त्यांनी पान काढले, बोट ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिले. बाहेर समिती उभी होती.

"जाववेल का तुला?" गुरुजींनी विचारले. मग हिंदीत, "बैठ सकोगे गाड़ी में?"

पोरगा म्हणाला, हो.

"मग टांगा मागव," गुरुजी काकूंना म्हणाले. "संध्याकाळची पॅसेंजर मिळते."

स्टेशन लालबागेत, गावापासून दूर. टांग्याच्या मागे सायकल बांधली. पोरगा आणि गुरुजी मागे बसले. समिती शेठजींच्या मोटारीतून मागोमाग निघाली, आणि घोडा वाटेत दोनदा अडला तेव्हा मोटारही दोनदा थांबली. प्लॅटफॉर्मवर शेठजींनी गुरुजींना बाजूला घेतले.

"जिंदगीभर एक माणूस मागू राह्यले तुम्ही," शेठजी म्हणाले. "भेटला, तर त्याले तिकीट काढून देऊ राह्यले?"

"धरून ठेवलेला माणूस मुक्कामाला नसतो, शेठजी," गुरुजी म्हणाले. "तो अटकेत असतो."

"रात्रीपुरतं तर धरायचं होतं."

"राणीलाही थोड्या दिवसांपुरतंच पुरलं होतं."

गाडी आली. सायकल सामानाच्या डब्यात चढवली. पोरगा तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढला आणि दारातून वाकून त्याने गुरुजींचा हात धरला. मग त्याने विचारले, "मास्टरजी, ये गाँव का नाम?"

गुरुजींनी नाव सांगितले. पोराने ते एकदा म्हणून पाहिले. गाडी सुटली.

गाडीचा मागचा डबा दिसेनासा झाला तेव्हा गुरुजी टाइमटेबल पुन्हा गुंडाळत होते. बातमी कशी द्यायची, असे मी त्यांना विचारले. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकाला इथल्या बातम्या पाठवत असे, आणि समितीबरोबर मोटारीतून आलो होतो. ते म्हणाले, "मुक्काम इच्छापूर. बऱ्हाणपूरला एक जण दिवसा झोपला."

शेठजींना हे मान्य नव्हते. इच्छापूर आपल्याच तालुक्यात आहे, तेव्हा मुक्काम बऱ्हाणपूर म्हटले तर खोटे काय, असे त्यांनी विचारले. गुरुजी म्हणाले, पथक कुठे झोपले ते धर्मशाळेला माहीत आहे. मग शेठजींनी दुसरा मार्ग काढला. उजाडताना पोरगा खंडव्यात असेल हे कबूल. पण चांदनी स्टेशनापर्यंत तालुका आपलाच. गाडी हद्दीत असताना सूर्य मावळला, तर व्याख्येतले निम्मे तरी गावाच्या पदरात पडते. तेवढे तरी छापावे. वकीलसाहेबांनी कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असल्याचे सांगितले. गुरुजी जायला निघाले होते ते थांबले.

"आधी खात्री करा," ते मला म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी रेल्वेच्या फोनवरून चांदनीला विचारले. समिती आणि गुरुजी दारात उभे राहिले. चांदनीहून उत्तर आले की पॅसेंजर वेळेवर येऊन पुढे गेली आहे, एक सावळा पोरगा डब्याच्या दारात उभा होता, आणि सूर्य अजून मावळलेला नव्हता.